वादळातून परतलेले फोटो



शाळेच्या मैदानावर उन्हाळ्यात उठणारी वावटळ आठवते ना? वह्यांची पाने गरगर फिरत कौलांवर जायची. ती वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते. टोर्नेडो मात्र गडगडाटी ढगातून खाली उतरतो.

27 एप्रिल 2011 रोजी मी कामानिमित्त अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलला होते. त्या दिवसाच्या टोर्नेडोंनी तीनशेहून अधिक माणसे नेली. आम्ही वाचलो, पण वीज गेली ती काही दिवस. दुसऱ्या सकाळी घरामागच्या गवतावर मला एका अनोळखी मुलाचा शाळेतला फोटो सापडला. मागे त्याचे नाव आणि साल लिहिलेले.

हे कसे घडते? जड वस्तू जवळच पडतात. कागद, फोटो मात्र ढगातल्या वर चढणाऱ्या प्रवाहाबरोबर काही किलोमीटर उंच जातात. तिथल्या जोरदार वाऱ्याबरोबर वाहतात आणि हळूहळू खाली येतात.

अलाबामातल्या एका बाईंनी अशा वस्तूंसाठी फेसबुकवर पान उघडले होते. मीही तो फोटो तिथे टाकला. काही दिवसांनी त्या मुलाच्या आईचे उत्तर आले. घर गेले होते, अल्बम गेला होता; उरला तो हाच फोटो.

पुढे जॉर्जिया विद्यापीठाचे जॉन नॉक्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच पानाच्या आधारे 934 वस्तूंचा प्रवास शोधला. एक फोटो तर सुमारे 350 किलोमीटर गेला होता. म्हणजे सांगलीतला फोटो नाशिकला पडावा तसा!

हे आज सांगण्याचे कारण आहे. आपला एक वर्गमित्र आज आपल्यात नाही. परवा त्याच्या आईंना भेटले. 2019 च्या कृष्णेच्या पुरात त्यांच्या अल्बमचा लगदा झाला. भिंतीवर त्याचा एकही फोटो नाही. मला म्हणाल्या, "तुमच्या सहलीत काढलेला एखादा असेल का गं?" माझ्याकडे नव्हता. मान खाली घालून परत आले.

म्हणून विनंती आहे. घरी गेल्यावर जुनी पाकिटे, ट्रंका उघडा. तो मागच्या रांगेत अर्धा दिसत असला, तरी चालेल. आणि हो, प्रत्येक फोटोच्या मागे नाव आणि साल लिहा. त्या मुलाचा फोटो आईकडे पोहोचला, तो तेवढ्यामुळेच.