हातांची परीक्षा

श्रोतेहो, केस कापून झाले की मान कडकन मोडून घ्यायची हौस पुष्कळांना असते. मलाही होती. पण अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी क्वचित फाटते आणि पक्षाघात होतो.

न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या हस्तोपचाराचे प्रमाणपत्र हवे असेल, तर पदवीधर फिजिओथेरपिस्टलाही लेखीबरोबर परीक्षकासमोर हात चालवून दाखवावा लागतो. गुरुजनहो, तिथे घोकंपट्टी कशी चालणार! ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांधा हलवण्याच्या पायऱ्या लावून दिल्या. पहिली इतकी हलकी, की नुसता हात ठेवलाय असे वाटावे.

आणि मानेला हात लावण्याआधी विचारायचे असते: चक्कर येते का? एकाची दोन दिसतात का? केशकर्तनालयात मला हे कुणी विचारले नव्हते; मीही बिनघोर मान देत आलो.