ध्रुवाकडच्या पाण्यातली चरबी



मराठवाड्यातल्या हर्सूल-सावंगीच्या धरणाचं पाणी अगदी बारीक जाळीच्या पिशवीतून गाळलं, तर पिशवीच्या तळाशी चिमूटभर भुरकट काहीतरी उरतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच ते पळायला लागतं. डोक्यावरच्या केसांची जणू चाकं फिरवणारे रोटिफर, झटके देत पोहणारी डॅफ्निया, एकाच डोळ्याचा सायक्लॉप्स. हे सगळे प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याच्या ओढीबरोबर वाहत राहणारे बारके प्राणी. या धरणात कोणत्या ऋतूत कोण वाढतं आणि कोण घटतं, याची मोजदाद झालेली आहे. त्यावरचा शोधनिबंध २०१२ साली 'जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल बायॉलॉजी'मध्ये छापून आला.

यातला सायक्लॉप्स मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना नावाने नसेल, पण करणीने चांगला ठाऊक आहे. नारूची पिल्लं त्याच्याच अंगातून माणसाच्या पोटात जात. साधारण वर्षभराने पायाला फोड येई आणि त्यातून निघणारा लांबलचक पांढरा जंत काडीला गुंडाळत, रोज थोडाथोडा, बाहेर काढावा लागे. नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, पिल्लं पाण्यात पडत, सायक्लॉप्स ती खाई आणि पुढची घागर भरणाऱ्याच्या घरी रोग पोचे. पाणी फडक्याने गाळून पिणं हा त्यावरचा साधा पण खरा उपाय होता. १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

सायक्लॉप्स ज्या कुळातला, त्याला कोपेपोड म्हणतात. याच कुळातले त्याचे भाऊबंद उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रांत राज्य करतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांत गोव्यातली एक संस्था आहे. वास्कोजवळ हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७९ अंश उत्तर अक्षांशावर, नी-ऑलेसुंड या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' हे स्थानक २००८ पासून चालू आहे, त्याचा कारभार याच केंद्राकडे. वस्तीसमोर कॉंग्सफ्योर्डन ही समुद्राची लांब, चिंचोळी खाडी पसरलेली आहे. २०१४ च्या जुलैत तिथे १९२ मीटर खोल पाण्यात भारताने 'इंडआर्क' नावाची उपकरणांची माळ नांगरली. पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह यांच्या नोंदी ती माणसाच्या गैरहजेरीतही करत राहते.

हीच खाडी का? कारण तिथे दोन समुद्र भांडतात. आतल्या टोकाला हिमनद्या थेट पाण्यात उतरतात. त्यांचं गढूळ, गार, कमी खारट पाणी एका बाजूने येतं. दुसऱ्या बाजूला खाडीचं तोंड उघडं आहे. अशा बऱ्याच खाड्यांच्या, म्हणजे फ्योर्डांच्या, तोंडाशी पाण्याखाली उंबरठ्यासारखा उथळ बांध असतो, तसा तो इथे नाही. त्यामुळे अटलांटिककडून आलेलं उबदार पाणी बेधडक आत शिरतं आणि आपले प्राणीही घेऊन येतं.

कॅलॅनस ही तिथल्या कोपेपोडांची मुख्य जमात. तिच्यातला ग्लेशियॅलिस हा ध्रुवाकडचा, फिनमार्किकस हा अटलांटिकचा. मोठ्यात मोठा कॅलॅनसदेखील तांदळाच्या दाण्याएवढाच, पण त्याच्या अंगात लांबट, पारदर्शक पिशवी असते आणि ती तेलाने भरलेली असते. ध्रुवाकडे वनस्पतिप्लवकांची भरभराट वसंत आणि उन्हाळ्यातले थोडेच आठवडे टिकते. तेवढ्यात खायचं, चरबी साठवायची आणि मग खोल पाण्यात उतरून, अंगातले व्यवहार मंद करून, महिनोन् महिने पडून राहायचं. हर्सूलच्या कोमट पाण्यात सायक्लॉप्सची पिढी काही आठवड्यांत पुरी होते. ग्लेशियॅलिसला एक ते दोन वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त.

या चरबीवर बरंच काही चालतं. लिटल ऑक नावाचा छोटा समुद्रपक्षी डोंगरकड्यांच्या दगडांत घरटी करतो आणि पिल्लांना कोपेपोड भरवतो. पूर्व ग्रीनलंडमध्ये केलेल्या हिशेबानुसार पिल्लं सांभाळणाऱ्या एका पक्ष्याला दिवसाला सुमारे साठ हजार कोपेपोड लागतात. आता ग्लेशियॅलिसच्या अंगात फिनमार्किकसपेक्षा साधारण दहापट चरबी असते असं मानलं जातं. उबदार पाण्याबरोबर लहान, सडसडीत जात वाढली, तर पक्ष्याच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात का, हे सहज ताडता येईल. प्राण्यांची संख्या मोजून समुद्र समृद्ध म्हणणाऱ्यांना इथे चपराक बसते: डोकी वाढली तरी जेवण घटू शकतं.

वेळेचाही घोळ आहे. ग्लेशियॅलिसची मादी बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणाऱ्या शेवाळावर चरून अंडी घालते. पुढे उघड्या पाण्यात वनस्पतिप्लवक फुलतात, तेव्हा पिल्लं खाण्याजोगी झालेली असतात. दोन मेजवान्यांमध्ये सुमारे दोन महिन्यांचं अंतर असावं लागतं. २००६ च्या आसपासपासून कॉंग्सफ्योर्डनमध्ये हिवाळी बर्फ पूर्वीसारखा धरेनासा झाला आहे, आणि बर्फच नसेल तर पहिली पंगत उठते.

इथवरची गोष्ट नीटनेटकी वाटते. पण जाणकारांनी तिला एक पाचर मारून ठेवली आहे. ग्लेशियॅलिस आणि फिनमार्किकस दिसायला इतके सारखे, की वर्षानुवर्षं त्यांना शरीराच्या लांबीवरून वेगळं केलं गेलं: लांब तो ध्रुवाकडचा, आखूड तो अटलांटिकचा. मग जनुकीय तपासण्या आल्या आणि दोघांच्या लांब्या एकमेकांत मिसळतात असं निघालं. म्हणजे जुन्या मोजण्यांत ग्लेशियॅलिसचे बरेच दाणे पाहुण्यांच्या राशीत पडले असणार. आकड्यांची जुनी वही चाळताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

ध्रुवीय रात्रीचंही असंच. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नी-ऑलेसुंडला सूर्य उगवत नाही. एरवी प्राणिप्लवक रात्री वर येतात आणि दिवसा, टिपणाऱ्या डोळ्यांपासून लपायला, खाली जातात. रात्रच रात्र असताना ते स्वस्थ पडून राहत असतील, अशी समजूत होती. आर्क्टिकमध्ये ठिकठिकाणी नांगरलेल्या ध्वनियंत्रांच्या नोंदींनी ती मोडली. काळोखातही हालचाल चालू असते आणि तिचं घड्याळ सूर्याऐवजी चंद्राच्या दिवसाला, म्हणजे २४ तास ५० मिनिटांना, जुळतं. पौर्णिमेच्या सुमारास तर ते थव्याने सुमारे ५० मीटर खोल उतरतात. चांदणंसुद्धा शिकाऱ्याला पुरतं!

भारताची माणसं बरीच वर्षं हिमाद्रीत प्रामुख्याने उन्हाळ्यातच जात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली आणि तेव्हापासून काळोखाच्या महिन्यांतही तिथे काम सुरू झालं.