श्वास अपुरा पडतो तेव्हा

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त आरोग्य शिबिरात एका निवृत्त छातीरोगतज्ज्ञाने दिलेले भाषण)



मला ‘फुफ्फुसाचे आजार’ असा विषय दिला आहे. तासाभरात तो आवरणारा नाही. त्यातले एकच प्रकरण मी घेतो. श्वसन निकामी होणे, म्हणजे फुफ्फुसाला आपले काम झेपेनासे होणे. हे प्रकरण निवडले, कारण त्यात पहिला निर्णय पुष्कळदा घरातला माणूस घेतो, डॉक्टर नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका निवृत्त फायरमनला आणले. उमेदीची वर्षे कोळशाच्या इंजिनावर गेलेली, जोडीला बिडी. फुफ्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या. या आजाराला आम्ही सीओपीडी म्हणतो. घरी ऑक्सिजनचे यंत्र होते, दोन लिटरवर लावून दिलेले. एका रात्री खोकला होऊन धाप वाढली. मुलाने यंत्र पाचवर नेले. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ आकडा आला. घरात सगळ्यांना हायसे वाटले, म्हातारा शांत झोपला. सकाळी चहाला हाक मारली, तर उठेना.

मुलगा मला पुन्हा पुन्हा विचारत होता, “डॉक्टरसाहेब, ऑक्सिजन तर भरपूर होता ना?” त्याला मी काय दोष देणार? दोनच लिटर का, पाच का नाहीत, हे त्याला कोणी एका शब्दाने सांगितले नव्हते.

फुफ्फुसाची कामे दोन आहेत. प्राणवायू रक्तात भरायचा आणि कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकायचा. मालगाडी भरून येते तशी रिकामीही व्हावी लागते. पहिले काम बंद पडले की धमनीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब ६० मिलिमीटरच्या खाली जातो. हा पहिला प्रकार. न्यूमोनियात तो दिसतो, आणि २०२० व २०२१ मध्ये कोविडने तो घरोघरी दाखवला. दुसऱ्या प्रकारात कर्बवायू साठत जातो. त्याचा दाब ४५ च्या वर जातो, रक्त आम्ल होते, माणसाला गुंगी येते. ऑक्सिमीटर फक्त प्राणवायूचा अंदाज देतो. कर्बवायूबद्दल त्याला काहीही कळत नाही. (शिवाय सावळ्या कातडीवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हेही लक्षात असू द्या.)

जास्त प्राणवायूने बिघडले कसे, हे तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगतो. खराब सेक्शनवर कंट्रोलर गाडी सोडत नाही, चांगल्या लाइनवरून वळवतो. शरीरही तेच करते. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिकडचा रक्तपुरवठा ते आवळून धरते. प्राणवायू बेसुमार दिला की हे सिग्नल चुकीने हिरवे होतात. रक्त खराब भागाकडे जाते आणि कर्बवायू न टाकताच परत येते. काही रुग्णांत श्वास घेण्याची प्रेरणाही मंदावते. आकडा ९८, आणि माणूस आतून गुदमरतो आहे.

ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही सहज उमगलेली नाही. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. ब्लेग्डाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ जणांपैकी २७ दगावले. रक्ताच्या तपासणीत अल्कली वाढलेली दिसे. डॉक्टरांना वाटले, हा काही निराळाच बिघाड आहे. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावले. तो म्हणाला, बिघाड वगैरे काही नाही, कर्बवायू साठला आहे, आणि शरीर त्याला तोंड देण्यासाठी अल्कली साठवते आहे. ऑगस्टच्या अखेरीस १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन त्याने श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुफ्फुसात हवा भरली. मुलगी वाचली.

पण पिशवी दाबायची किती वेळ? दिवसरात्र, कित्येक आठवडे. एवढी यंत्रे नव्हती. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, खाटेशेजारी बसून, हाताने श्वास दिला. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तिथे मानतात. पाळीतला रिलीव्हर वेळेवर न येणे म्हणजे काय, हे या सभेला मी वेगळे सांगायला नको!

प्राणवायूच्या मात्रेचा पुरावा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात ॲम्ब्युलन्समधल्या ४०५ दमेकरी रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. काहींना भरपूर प्राणवायू दिला, काहींना मोजून, आकडा ८८ ते ९२ मध्ये राहील इतकाच. भरपूर दिलेल्यांपैकी ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांपैकी ४ टक्के. म्हणून सीओपीडीच्या रुग्णाला सहसा ८८ ते ९२ आकडा पुरे. इतरांना सहसा ९४ ते ९८ लागतो.

आता कोणी घरी जाऊन नळीच काढून ठेवू नका. प्राणवायू कमी पडला तर माणूस त्याहून लवकर जातो, आणि चालू असलेला एकदम बंद करणे तर फारच वाईट. ठरवून दिलेले लिटर मनाने वाढवू नका, कमीही करू नका. पूर्ण वाक्य बोलता येत नाही, मान-खांदे ओढून श्वास चालला आहे, ओठ निळे पडले, तर रुग्णालय गाठा. सकाळी डोके जड, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध, भलत्या वेळी झोप, ही कर्बवायूची खूण. तिथे तर आकडा कितीही चांगला असो, थांबू नका. आणि झोप येत नाही म्हणून अशा माणसाला झोपेची गोळी देऊ नका.

रुग्णालयात मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी तपासणी करतात. तेव्हा दोन्ही वायूंचा खरा हिशेब कळतो. कर्बवायू वाढून रक्त आम्ल झाले असेल तर तोंडावर घट्ट मास्क बसवून बायपॅप यंत्राने श्वासाला जोर देतात. घशात नळी घालावी लागत नाही. १९९५ साली युरोपात ८५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारात १०० पैकी ७४ जणांना घशात नळी घालावी लागली, मास्कवाल्यांत २६ जणांना. मृत्यू २९ टक्क्यांवरून ९ वर आले. आमच्या फायरमनला दोन दिवस मास्कवर ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. पण प्रत्येकाला मास्क पुरतोच असे नाही. काहींना व्हेंटिलेटर लागतो, आणि तो लावायला सांगितला म्हणजे आशा संपली, असा अर्थ घेऊ नका.

२०२१ च्या एप्रिलात प्राणवायूसाठी देश धावत होता तेव्हा तुम्हीच तो आणलात. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली. घाटातून एवढी उंच गाडी नेता येईना म्हणून वसई, सूरत, भुसावळ असा वळसा घेतला. वाफेच्या इंजिनाच्या काळात ज्यांच्या छातीत धूर गेला, त्यांच्या खाटेपर्यंत हा प्राणवायू पोचतो. पण खाटेशी तो मोजून देणारा माणूस रात्रपाळीला आहे का, हे युनियनने विचारले पाहिजे.

आपल्या मागणीपत्रात साधी कलमे घाला. दवाखान्यात एबीजीचे यंत्र चालू स्थितीत हवे, त्याची रसायने भरलेली हवीत. बायपॅप कपाटात कुलूपबंद नको. सीओपीडीच्या निवृत्तांच्या वैद्यकीय कार्डावर प्राणवायूची मात्रा ठळक लिहिलेली हवी, कारण ॲम्ब्युलन्समधला माणूस जुने कागद चाळत बसत नाही. टपालवाल्यांनो, सीजीएचएसमध्ये पूर्वपरवानगी घेऊन ऑक्सिजन यंत्राचा व बायपॅपचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. अर्ज अडला तर निवृत्त माणसाला एकट्याला खिडकीशी पाठवू नका, शाखेच्या चिटणीसाने सोबत जावे.

मी इथे थांबतो. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे त्यांनी पुढे यावे. टेबलावर एक ठेवले आहे. काचेच्या नळीत गोळी तरंगते, तिचा मधला भाग कोणत्या रेषेवर आहे ते पाहून लिटर वाचायचे. एकेकाने वाचून दाखवा, म्हणजे चूक असेल तर आत्ताच कळेल.