चिलिका आणि खडकवासल्याचे गणित



खाडी-सरोवरांचा संसार गोड्या-खाऱ्या पाण्याच्या तोलावर चालतो. तो ढळला म्हणजे काय होते, हे ओडिशातील चिलिकेने आपणांस दाखविले. गाळाने समुद्राकडील वाट भरत गेली, खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. १९९३ साली रामसर कराराच्या चिंताजनक पाणथळींच्या यादीत तिचे नाव गेले.

नवे मुख कोठे खोदावे? जागा चुकली तर सरोवर आणि त्यावर पोट भरणारे हजारो मच्छीमार, दोघांचीही हानी. येथे आपल्या पुण्याजवळील खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था उपयोगी पडली. गणिती प्रतिमानात जलाशयाचे लहान भाग कल्पून प्रत्येकात खोली, भरती-ओहोटी व नद्यांचे पाणी यांचे आकडे भरतात आणि प्रवाह कसा वळेल ते संगणकाकडून काढून घेतात. चूक झालीच तर ती यंत्रात होते, सरोवरात नव्हे.

सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख उघडले. समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरांनी आखूड झाली. खारेपणा परतला, मासळी वाढली, आणि २००२ साली चिलिका त्या यादीतून मुक्त झाली.

तथापि वाळू स्वस्थ बसत नाही. मुखे सरकतात, म्हणून मोजमाप अखंड हवे. मच्छीमारांचा अनुभवही त्यात जमेस धरावा, असे आम्हांस वाटते. परप्रांती नांदणाऱ्या आपणां सर्वांस हे सहज उमगेल: बाहेरच्या पाण्यास वाट हवी, आणि आपला झराही आटता कामा नये.