अल्प उत्पन्नाची कुटुंबे आणि करविवरणाचे विनामूल्य साहाय्य



देवस्थानचा जमाखर्च चोख ठेवणे ही जशी देवसेवा, तशीच अडलेल्या कुटुंबाचा हिशेब लावून देणे ही जनसेवा होय. आदिलाबाद जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत तेथील किनवट व राजुरा हे मराठीभाषक तालुके मुंबई राज्यात गेले. तरी पैनगंगेच्या दक्षिणेस, आजच्या तेलंगणात, मराठी कुटुंबे राहिलीच. कापूस पिकविणाऱ्या या माणसांचा कचेरीशी व्यवहार मात्र तेलुगू व इंग्रजीतून होतो.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. मग विवरणपत्राशी आपला संबंध काय, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु समजा, पन्नाशीतील एका विधवेने विम्याचे ८ लाख रुपये ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवले. वर्षाचे व्याज ५६,००० रुपये झाले. २०२५-२६ या आर्थिक वर्षातील नियमानुसार साठ वर्षांखालील ठेवीदाराचे व्याज ५०,००० रुपयांवर गेले की बँक १० टक्के कर कापते. तिचे ५,६०० रुपये गेले. वस्तुतः तिला कर लागूच नाही. वर्षारंभी बँकेत स्वयंघोषणापत्र दिले असते, तर कपात टळली असती; आता विवरणपत्र भरल्यावाचून ती रक्कम परत मिळत नाही.

अशा साहाय्यासाठी केंद्र सरकारने २००६ साली पदवीधरांना विवरणपत्रे भरण्याचे शिक्षण देणारी योजना काढली. अमेरिकेत अर्धशतकाहून अधिक काळ स्वयंसेवक हे काम विनामूल्य करीत आले असून, एकाने भरलेले पत्र दुसऱ्या जाणकाराने तपासावे, असा तेथील दंडक आहे. तो सर्वत्र अनुकरणीय आहे.

आणखी दोन पथ्ये अगत्याची. पत्र पाठविल्यावर ३० दिवसांत त्याचे सत्यापन झाले पाहिजे. ते राहिले तर केलेले श्रम वाया जाण्याची भीती असते. म्हणून पोचपावती हाती पडेपर्यंत साहाय्य पुरे झाले असे मानू नये. तसेच बँकखाते, मोबाईल व सांकेतिक शब्द ज्याचे त्याच्याच स्वाधीन असावेत. जादा परताव्याच्या लोभाने खोट्या वजावटी दाखविणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे; कारण जबाबदारी अखेर करदात्यावरच येते.

तेलंगणातील सरकारी सेवाकेंद्रांना ‘मी-सेवा’ म्हणतात. तेलुगूत ‘मी’ म्हणजे ‘आपली’. मराठी माणसास मात्र त्यात ‘मी’ स्वतःच ऐकू येतो. हा दुसरा अर्थही ध्यानी धरावा. बँकेत वा हिशेबखात्यात आयुष्य वेचलेले अनेक निवृत्त गृहस्थ महाजन कुटुंबांत आहेत. त्यांनी अग्रशाळेच्या एका खोलीत आठवड्यातून दोन तास बसावे. गरिबाचा कष्टाचा पैसा त्याच्या घरी परत जाणे, हीदेखील श्रीचरणी रुजू होणारी सेवाच आहे.