जुन्या मोटारीचा वेग आणि तिचा लगाम
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला मोटारीच्या देखभालीसारखा तेलकट विषय घेऊन बसण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. त्यास कारण आहे. आपल्या मंडळाची स्थापना १९७४ सालची. त्याच साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट मोटारीला ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तेव्हा आपल्या मंडळाची आणि तिची पन्नाशी एकाच वेळी भरली आहे.

नोकरीधंद्याच्या निमित्ताने मद्रासेत आलेल्या आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची ती पहिली मोटार. सुट्टीत पुण्याकडे जाण्यासाठी सुमारे १२०० किलोमीटरचा पल्ला तिने अनेकदा काटला. आज काही घरांत ती मुला-नातवंडांच्या हाती जात आहे, आणि मंडळातील आम्हां हौशी दुरुस्तीकारांना ही तरुण मंडळी एकच प्रश्न विचारतात : “काका, हिला पळवता येईल का?” त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे भाषण.

उत्तर ‘होय’ असेच आहे. मात्र त्याला एक क्रम आहे. प्रथम देखभाल, त्यानंतर ब्रेक, आणि सर्वांत शेवटी वेग. हा क्रम उलटा झाला की हौसेचे रूपांतर अपघातात होण्यास वेळ लागत नाही.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. फियाटचे ११०० डी हे मॉडेल १९६४ पासून तेथे तयार होऊ लागले, आणि त्याचीच पुढील आवृत्ती म्हणजे पद्मिनी. चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, असा तिचा संसार. आजच्या मानाने ही शक्ती बेताचीच. तरीही या शहराच्या उत्तरेस शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या धावपट्टीवर, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यतींत याच जातीच्या फियाट गाड्या हेरॉल्ड आणि अॅम्बॅसॅडर यांच्याशी झुंजत असत. पुढे १९९० साली इरुंगाट्टुकोट्टई येथे शर्यतींचा खास मार्ग तयार झाला. शोलावरमच्या काळात परदेशी सुटे भाग दुर्मिळ होते. त्यामुळे वेग वाढविण्याची विद्या घरचे पाने, शेजारचा लेथ आणि पुदुपेटचा जुना बाजार यांवरच उभी राहिली.

आता देखभालीकडे वळू. ज्याला स्वतःच्या हाताने गाडी निगुतीने राखावयाची आहे, त्याने प्रथम स्पार्क प्लग वाचावयास शिकावे. प्लगच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य आहे. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. रंग पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा इंजिन अती तापत आहे. वैद्य जसा जीभ पाहतो, तसेच हे आहे. त्यानंतर डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट साफ करून त्यांचे अंतर फिलर गेजने मोजावे. पॉइंटचे अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून अंतर आधी आणि टायमिंग नंतर. टॅपेटचे अंतर इंजिन थंड असताना, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठेवावे. पुढच्या चाकांच्या सांध्यांत वेळच्या वेळी ग्रीस भरावे. आमचा अनुभव असा, की गाडी ‘ओढत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना नव्या कार्ब्युरेटरची गरज नसते. एवढी कामे नीट झाली की गाडी पुन्हा धावू लागते.

गाडीखाली जाताना एक नियम कधीही मोडू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, विटांवर तर मुळीच नाही. लोखंडी घोड्या लावाव्यात, जमिनीवरील चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्यावेत, आणि मगच पाठ टेकावी.

आता लगामाविषयी. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० ने गाडी हाकली, तर वेग एक-तृतीयांशानेच वाढतो. परंतु थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. ती सारी उष्णतेच्या रूपाने ड्रममध्ये उतरते. ड्रम तापला की प्रसरण पावून ब्रेक शूपासून दूर सरतो, लायनरची पकड सुटू लागते, आणि घाट उतरताना पेडल खोल जाऊ लागते. शिवाय या जुन्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीमार्गावर असतात. एखाद्या व्हील सिलिंडरचे रबर फाटले, तर चारही ब्रेक एकदम जातात.

म्हणून आमचा आग्रह असा, की ज्याला वेग हवा त्याने आधी चारही व्हील सिलिंडर उघडून रबरे बदलावीत, रबरी होज नवे घालावेत आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि ते तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल स्पंजासारखे लागते. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. ज्यांना पुढे डिस्क ब्रेक बसवावयाचे असतील त्यांनी ध्यानात ठेवावे, की ड्रमसाठी असलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्क अखंड घासत राहते.

एवढे झाल्यावर मग वेग. हेड थोडे घासून दाबाचे प्रमाण वाढविणे, मोठा कार्ब्युरेटर बसविणे, धुराड्याची वाट मोकळी करणे, हे शोलावरमच्या जमान्यातील परिचित उपाय. प्रत्येकाला त्याची किंमत आहे. हेड जास्त घासले तर चढावर इंजिन ठोकू लागते, आणि एकदा घासलेली धातू परत येत नाही. एका वेळी एकच बदल करावा, त्याची वहीत नोंद करावी, आणि काही दिवस गाडी चालवून परिणाम पाहावा. तीन बदल एकदम केले, तर बिघाड कोणामुळे झाला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आजच्या पेट्रोलचाही विचार हवा. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या खराब होतात. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ पडते. त्यास मानवणारे रबर घालावे, प्लगचा रंग पाहून जेट किंचित मोठा करावा, आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा.

शेवटी कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ या अक्षरांनी स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. मात्र चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आपल्या १९७४ च्या पद्मिनीला हा मान आत्ता कुठे मिळू लागला आहे. दोन-चार अश्वशक्तींच्या हव्यासापायी तो गमवावा का, याचा निर्णय पाना उचलण्यापूर्वी घ्यावा.

आमच्यापुरता निर्णय असा : जो बदल पुन्हा काढून पूर्ववत करता येतो, तोच करावा. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा. केलेल्या कामाची वही त्या पेटीतच असावी. तरुण मित्रांनो, गाडी तुमची आहेच. पण तुमच्यानंतरही ती कोणाची तरी व्हावयाची आहे. तिला धावती ठेवा, थांबविता येईल अशी ठेवा, आणि मग हवी तेवढी पळवा.