साखरेचा आजार आणि मनाची सावड



भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इकडची माणसे कष्टाला भीत नाहीत. भर पावसात दिवसभर चिखलात वाकून लावणी करतील. पण डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहून "तुम्हाला शुगर आहे" असे म्हटले, की भल्याभल्यांचा धीर सुटतो. मधुमेहाच्या पथ्याविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. आज या सुटलेल्या धीराविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

पहिल्या दिवसांत मन काय काय करते पाहा. आधी म्हणते, "मशीन चुकलं असेल." मग म्हणते, "मी असं काय पाप केलं?" मग कोणाचा पाय कापला, कोणाची नजर गेली, तेवढेच आठवत राहते. शेवटी माणूस आजार लपवू लागतो. मुलीचे लग्न ठरायचे आहे, बोभाटा नको, म्हणून गोळ्या फडताळात दडवतो आणि पाहुण्यांकडे गोड चहा मुकाट्याने पितो. असे पुष्कळांचे होते. १९९५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी मधुमेह्यांच्या मनावरचा भार मोजण्यासाठी वीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. हा भार वाढला की पथ्य सुटते, गोळ्या चुकतात आणि साखर चढते. तेव्हा मन सांभाळणे हाही उपचारच समजा.

आता त्या पापाविषयी. तुम्ही म्हणाल, "मी काडीसारखा, उन्हातान्हात राबणारा. मला कशी शुगर?" पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून आपल्याच जिल्ह्यातील सहा खेड्यांत माता आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः वजनाने लहान, पण विलायतेतील बाळांशी ताडून पाहता अंगात चरबी राखून असलेली आढळली. वरून बारीक दिसणाऱ्यालाही मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथे सापडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींवर मधुमेही आहेत. एवढ्या सगळ्यांनी पाप केले काय? आजार अंगात आला, त्याची लाज कसली?

मग करायचे काय? आपल्याकडे सावड आहे. एकट्याने खाचर लावायचे म्हटले तर रोपे वाळून जातील. म्हणून आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. आजाराचीही अशी सावड घाला. गावातले पाच-सहा मधुमेही पंधरवड्यातून एकदा शाळेच्या ओट्यावर किंवा देवळाच्या सभामंडपात बसा. आशाताईंना सांगा, त्या निरोप देतील. मात्र कोणाचे नाव परस्पर फोडू नये. यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बसून बोलायचे काय? "भात सोडा" असे कोणी म्हटले, की आपल्या भाताच्या मुलखातल्या माणसाला घर सोडा म्हटल्यासारखे वाटते. जुना मधुमेही सांगेल, "अरे, भात सुटला नाही, भाताचा ढीग सुटला. जोडीला आमटी-भाजी वाढव." दुसरी सांगेल, "नाचणी म्हणून चार भाकरी खाल्ल्या, तर साखर तिनंही वाढते." चिखलणीच्या दिवसांत संध्याकाळी एकमेकांचे तळवे पाहा. बधिर पायाला काटा टोचलेला कळत नाही. बायकांचे दुखणे आणखी वेगळे. सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरेल ते खायचे, तिथे पथ्य कुठले? हे त्या आपल्या बचत गटात मोकळेपणी बोलतील, आणि कदाचित हळदीकुंकवाला बिनसाखरेच्या चहाची एक किटली वेगळी ठेवतील.

असा प्रयोग केरळात झालेला आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील नेय्याट्टिनकरा तालुक्यात, मधुमेहाचा धोका असलेल्या लोकांचे गट करून गावातल्याच माणसांना शिकवून गटप्रमुख नेमले. १,००७ लोकांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह टळण्यात दोन वर्षांत ठळक फरक दिसला नाही, हे खरे. पण लोक भाज्या-फळे अधिक खाऊ लागले आणि दारूचे प्रमाण घटले. शेजाऱ्याचे बोलणे वाया जात नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

एक मर्यादा मात्र पाळा. सावड म्हणजे दवाखाना नव्हे. एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये. "काढा घ्या, गोळ्या बंद करा" म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम करा. उपास धरण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आणि दोन आठवडे झोप नाही, कशात मन नाही, जगणे नको वाटते, असे झाले तर मुळीच थांबू नका. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट फोन करा. तिथे मराठीतही बोलता येते.

गुरुजनहो, आपल्याला एक विनंती. रक्ताचा कागद वाचून घ्यायला लोक आपल्याकडेच येतात. आकडा सांगून लगेच उठू नका, घटकाभर त्याच्याजवळ बसा. वर्गात इन्सुलिनवर असलेले एखादे मूल असेल, तर त्याला मधल्या सुट्टीची वाट न पाहता खाऊ द्या, पाणी पिऊ द्या. त्याच्या सोबत्यांनाही कारण समजावून सांगा, म्हणजे कोणी चिडवणार नाही.

आणि मंडळी, ज्याला कालच कळले त्याने आज निदान एका माणसाला सांगावे. ज्याला दहा वर्षे झाली, त्याने उद्या नव्याच्या दारी जावे आणि म्हणावे, "मलाही आहे. चल, थोडं चालून येऊ."